हवा जातेय पण पंक्चर सापडत नाही: रिम आणि टायरच्या कामाच्या नोंदी, पावस (रत्नागिरी)

गाडी २०१९ ची कॉम्पॅक्ट एसयूव्ही, डिझेल, ६८ हजार किलोमीटर झालेली. टायर २१५/६० आर १६, अलॉय रिम. व्हेन्यू, सोनेट, नेक्सॉन, ब्रेझा सगळ्यांच्या वरच्या मॉडेलना हाच साइज येतो, त्यामुळे यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल. टायर एकच असला तरी रिम एकमेकांना बसतीलच असं नाही हां, नट आणि पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) वेगळे असतात, जुने रिम विकत घेताना ते बघून घ्या. घर समुद्रापासून जवळ, गाडी खळ्यात पत्र्याखाली उभी असते, तीन बाजूंनी वारा. हे लिहितोय कारण आमच्याकडे किनाऱ्यावर टायरच्या आधी रिम खराब होतो आणि लोक दोष टायरला देऊन नवा टायर घेतात, मग त्याचीही हवा जायला लागते.

११ मे २०२५, रविवार

मागच्या डाव्या चाकाची हवा जातेय हे मार्चपासून चालू आहे. दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे ३३ पीएसआय भरायची आणि आठवड्याभरात २५ च्या आसपास. पंक्चरवाल्यांनी ट्रेडवर, म्हणजे टायर रस्त्याला टेकतो त्या भागावर, पाणी मारून बघितलं, खिळा नाही, व्हॉल्व ठीक, "गाडी उभी ऱ्हाते ना, म्हणून जाते हवा" असं सांगितलं. उभ्या गाडीची हवा जाते हे खरंय पण चांगल्या चाकाची महिन्याला एक-दोन पीएसआय जाते, आठवड्याला आठ नाही.

आज चाक घरीच काढलं. नट निघाले, चाक निघेना. अलॉयचा मधला भाग आणि हब (गाडीचा गोल भाग, ज्यावर चाक बसतं) यांच्यात पांढरी पूड आणि गंज धरून चाक अक्षरशः चिकटलेलं. अशा वेळी जॅकवरच्या गाडीला लाथा मारायच्या नाहीत, गाडी जॅकवरून सुटते. सगळे नट परत लावून एक-दीड फेरा सैल ठेवले, गाडी खाली घेतली आणि खळ्यातच हातभर पुढे-मागे केली. टक् असा आवाज आला, सुटलं.

मग चाक आडवं ठेवून रिम आणि टायर यांच्यामधल्या खाचेत शाम्पूचं पाणी ओतलं आणि हात न लावता दहा मिनिटं थांबलो. बाहेरच्या बाजूला काही नाही. उलटं केलं, आतल्या बाजूला वीतभर लांबीत बारीक फेस यायला लागला, मोहरीएवढे बुडबुडे, अगदी सावकाश. म्हणजे गळती बीडला आहे, टायरची कड जिथे रिमवर दाबून बसते तिथे. पंक्चरवाले घाईत ट्रेडवर पाणी मारतात, आतली बाजू कोणी बघत नाही, आणि हे बुडबुडे दहा सेकंदात दिसतही नाहीत.

१४ मे

रत्नागिरीत टायरच्या दुकानात नेलं. टायर अर्धा उतरवला, रिमच्या कडेला काळा बीड सीलर फासला, परत चढवला. ३५० रुपये. मी म्हटलं, "दादा, आधी घासून घ्या ना रिम." तर म्हणाले, "काय गरज नाय ओ, सीलर सगळं भरून काढतो." गर्दी होती. टाकीत चाक बुडवून दाखवलं, बुडबुडे खरंच बंद होते.

१८ मे

३३ ची २९ झाली. ३५० रुपये आणि अर्धा दिवस गेला. सीलर चिकटतो तो रिमवरच्या पांढऱ्या पुडीला, आणि पूड रिमला चिकटलेली नसतेच. खालचा थर हलला की सीलरसकट हलतो. सीलर वाईट नाही पण तो शेवटची पायरी आहे, पहिली नाही.

१९ मे

ओळखीच्या गॅरेजमध्ये चारही टायर रिमवरून उतरवून घेतले, चाकाला १५० प्रमाणे ६०० रुपये. गॅरेजवाल्या काकांनी गाडी स्टँडवर आत ठेवून घेतली म्हणून बरं झालं. घरी करणार असाल तर गाडी चिऱ्यावर टेकवू नका. जांभा चिरा घराच्या भिंतीत पिढ्यान् पिढ्या टिकतो पण गाडीचं वजन एका टोकावर आलं की फुटतो.

रिम आतून बघितले. मागच्या डाव्याची आतली कड पूर्ण पांढरी, लॅकरखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली, फोड आलेले, नखाने पापुद्रा निघतो. उरलेल्या तिघांनाही सुरुवात झालेलीच, फक्त हवा जाण्याइतकी नाही. सगळ्यात जास्त खाल्लंय कुठे, तर जिथे बॅलन्सिंगची क्लिपवाली वजनं ठोकलेली होती तिथे. क्लिप लॅकर खरवडते, खारी हवा आणि पाणी आत शिरतं, लोखंडाची क्लिप आणि अॅल्युमिनियम एकत्र भिजलं की अॅल्युमिनियम झिजतं. गाडी गुहागरकडे जाताना जयगड-तवसाळ फेरीबोटीवर चढते, भरतीला रॅम्पवर चाकं सरळ समुद्राच्या पाण्यातून जातात, आणि ते पाणी रिमच्या आतल्या बाजूला सुकतं जिथे आपण कधी धूत नाही. पुळणीवर, समुद्राच्या वाळूत, गाडी घालणाऱ्यांनी तर हा भाग दोनदा वाचावा.

टायरची तारीखही बघितली. डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे १८१९, म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा. ट्रेड अजून ४ मिमी आहे, टायर संपल्याच्या १.६ मिमीच्या खुणेपासून लांब. पण साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, आणि खाचांच्या तळाशी बारीक चिरा पडल्यात, वाकवलं की उघडतात. सहा वर्षांचं रबर. काका म्हणाले अजून एक पावसाळा जाईल. गाडीत आई-बाबा असतात, आंबा घाट असतो, मी नाही म्हटलं. चारही बदलायचे.

२० आणि २१ मे

रिमचं काम. पाऊस आत्ताच सुरू झालाय, वळीव म्हणावा तर थांबत नाही, आणि यातच रंग सुकवायचा होता.

क्रम असा केला. आधी जुना सीलर रॉकेलने सोडवला, मग साबणाने धुऊन वाळवला. पांढरी पूड पितळी वायर ब्रशने काढली, लोखंडी ब्रश नको, त्याचे कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि गंजतात. मग १२० चा पॉलिश पेपर, मग ४०० चा पाण्याबरोबर, बोट फिरवून खड्डा लागेनासा होईपर्यंत. ग्राइंडर अजिबात नाही, बीडची जागा सपाट राहायला हवी, एका ठिकाणी जास्त खाल्ली की टायर तिथे कधीच नीट बसणार नाही. एका रिमला दोन-अडीच तास जातात, वाईट असेल त्याला चार.

त्यावर एचिंग प्रायमरचा पातळ हात आणि वरून क्लिअर लॅकर. पहिल्या रिमवर लॅकर दुधाळ झालं, हवेत इतका दमटपणा की सुकता सुकता पाणी धरलं. दुसऱ्या दिवशी बीडच्या जागेवर नखाने दाबलं तर निघालंच. परत घासलं. मग रिम पडवीत आणून दोन हॅलोजन लावून आधी गरम केले, हाताला कोमट लागतील इतपत, मग पातळ फवारा, मग परत हॅलोजन. हे टिकलं. बीडच्या जागेवर फक्त पातळ प्रायमर ठेवला, लॅकर नाही, कारण टायर चढवताना जाड थर खरवडतो आणि त्याचा पापुद्राच नवी गळती करतो. ब्रश, पेपर, प्रायमर, लॅकर सगळं मिळून ७०० च्या आसपास.

पुढचा उजवा रिम वाकडा आहे का तेही बघितलं कारण हातखंब्याच्या पुढे एका खड्ड्यात जोरात बसला होता. यंत्र लागत नाही. चाक हबवर लावून गाडीचा तो कोपरा वर, शेजारी एका लाकडाला पेन्सिल घट्ट बांधून तिचं टोक रिमच्या कडेच्या जवळ आणायचं आणि चाक हाताने फिरवायचं, फट कमी-जास्त होते ती मोजायची. आतल्या कडेला दीड मिमी निघाला. एकाने "गरम करून ठोकून सरळ करतो, ८०० रुपये" सांगितलं. नाही केलं. अलॉय ज्योतीवर किती तापतोय हे डोळ्याला कळत नाही, लोखंडासारखा लालही होत नाही, आणि एकदा जास्त तापला की ताकद जाते, पुढच्या खड्ड्यात वाकायच्या ऐवजी तडकतो. दीड मिमीला बीड नीट बसतं. तो रिम मागे टाकणार, स्टिअरिंगला जाणवणार नाही.

२२ मे

टायर खरेदी. दुकानात गेल्या गेल्या १७ इंची रिमचा सेट दाखवला, २१५/५५ आर १७, दिसायला भारीच. बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच, ६६४ च्या जागी ६६८ मिमी. पण साइडवॉल १२९ वरून ११८ मिमी, म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यातलं रबर अकरा मिमीने कमी. महामार्गाचे जे तुकडे अर्धवट आहेत तिथे पावसात खड्ड्याची खोली दिसत नाही, मला ते अकरा मिमी हवेतच. उलट २१५/६५ आर १६ टाका, गाडी उंच होईल, असाही सल्ला मिळाला. त्याचा व्यास ६८६ मिमी, तीन टक्क्यांहून जास्त मोठा, स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी साडेब्याऐंशीवर, आणि पूर्ण वळवून खड्ड्यात दबली की आतल्या प्लास्टिकला घासायची शक्यता. कंपनीचाच साइज ठेवला.

मग ट्रेड कुठला. एटी म्हणजे मोठ्या ठोकळ्यांचे टायर इथे बरेच जण घेतात, चिखल आहे म्हणून. माझं गणित वेगळं आहे. चिखल कुठे, तर घराची घाटी आणि बागेपर्यंतचा तांबडा रस्ता. बाकी सगळं ओलं डांबर आणि आता ओलं काँक्रीट. तिथे ब्रेक लागला पाहिजे आणि पाणी बाहेर फेकलं गेलं पाहिजे. त्यासाठी लांबीच्या बाजूने रुंद खाचा असलेला एचटी, रस्त्यावरचा पॅटर्न घेतला. ज्यांची बाग डोंगरात आहे आणि रोज चढायचंय त्यांनी एटी जरूर घ्या, आवाज आणि मायलेज सोसून.

लोड इंडेक्स ९५ म्हणजे टायरमागे ६९० किलो, स्पीड एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. कंपनीने दिलेल्याच्या खाली जायचं नाही एवढंच लक्षात ठेवा. साइडवॉलवर आयएसआय १५६३३ चा शिक्का बघा.

पहिल्या दुकानाने काढून दिलेल्या टायरवर ३०२२. जवळजवळ तीन वर्षं जुना माल नव्या भावात, "फ्रेश पीस आहे" म्हणत. चारही टायरच्या तारखा मी उकिडवा बसून टॉर्चने बघितल्या, त्यातले दोन एका वर्षाचे दोन दुसऱ्या. तिथून उठलो. दुसऱ्या दुकानात ०९२५ आणि ११२५ मिळाले, याच वर्षीचे. एक टायर ८,१९२, चारचे ३२,७६८, त्यात २८ टक्के जीएसटी.

२३ मे

टायर बसवले. नवे रबरी व्हॉल्व चार, ४०० रुपये. नवा टायर आणि जुना व्हॉल्व हे करूच नका, सहा वर्षांच्या व्हॉल्वचा बुंधा वाकवला की चिरा दिसतात. ज्यांच्या गाडीत हवेचे सेन्सर आहेत त्यांनी टायर उतरवायच्या आधी दुकानदाराला सांगा. सीलर या वेळी साफ रिमवर, पातळ. दुकानात आधीच सांगून ठेवलं, क्लिपवाली वजनं नको, आतून चिकटवायची वापरा, आणि चिकटवायच्या आधी जागा थिनरने पुसून कोरडी करा. बॅलन्सिंग ६००, अलाइनमेंट ६००. अलाइनमेंटच्या कागदावर पुढच्या डाव्या चाकाचा टो बाहेर होता, म्हणजे चाकाची पुढची बाजू बाहेर वळलेली, जुन्या टायरची आतली कड का खाल्ली होती ते कळलं.

हबच्या मधल्या गोल भागावर कॉपर ग्रीसचं बोट फिरवलं, एवढंसंच, पुढच्या वेळी चाक चिकटू नये म्हणून. नटांच्या आट्यांवर किंवा ब्रेक डिस्कवर ते लागू द्यायचं नाही.

दुकानातल्या गनने नट आवळले आणि मी घरी येऊन तपासले. गाडीसोबतच्या पान्यावर पूर्ण वजन टाकून उभा राहिलो तरी एक नट हलला नाही. रात्री घाटात पंक्चर झालं असतं तर स्टेपनी असून उपयोग नव्हता. २,६०० चा टॉर्क पाना घेतला, सगळे सैल करून मॅन्युअलप्रमाणे ११० न्यूटन मीटरवर परत आवळले. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, सगळ्यांचा एक नसतो. शंभरेक किलोमीटर झाल्यावर परत एकदा तपासायचे.

२५ मे

काल समुद्रातलं डिप्रेशन रत्नागिरीजवळच किनाऱ्यावर आलं आणि आज मान्सून देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने सांगितलं. ७ जूनच्या हिशोबाने बसलो असतो तर जुने टायर घेऊन यात सापडलो असतो. नव्या टायरला सुरुवातीला थोडा गुळगुळीतपणा असतो, साच्यातून सुटायला लावलेला पदार्थ निघून जाईपर्यंत ब्रेक लांबून धरा, पावसात तर नक्की.

१ जून

हवा ३३, चारही चाकांत. सकाळी, गाडी थंड असताना. चालवून आल्यावर मोजली की तीन-चार जास्तच दिसते, ती काढून टाकायची नाही. पेट्रोल पंपांवरच्या मीटरमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक निघतो म्हणून ९०० रुपयांचा स्वतःचा गेज आणला. नायट्रोजन भरायला पैसे घालवले नाहीत, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

२२ जून

८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. मेहुण्याने बघितल्या बघितल्या बॅलन्सिंग गेलं म्हणून सांगितलं. दुकानात जायच्या आधी चाकं आतून बघितली तर दोन रिमच्या आत तांबड्या मातीचा थर, बागेच्या रस्त्याचा चिखल सुकून एका बाजूला वीटभर जाडीचा बसलेला. पाइपने आतून धुतला, नारळाच्या किशीने घासला, थरथर गायब. आमच्याकडे पावसाळ्यात निम्म्या बॅलन्सिंगच्या तक्रारी ह्याच असणार असं मला वाटतं. प्रेशर वॉशरने धुत असाल तर चिकटवलेल्या वजनांवर सरळ फवारा नको. माझं एक वजन असंच उडालं, त्याचे १५० परत.

२० जुलै

पुढच्या डाव्या टायरला स्क्रू. ट्रेडच्या मधोमध, हवा ३३ ची ३१. स्क्रू घरी काढायचा नाही, आहे तसा पंक्चरवाल्याकडे. बाहेरून भोकात दोरी मारून चालतं पण मी टायर उतरवून आतून मशरूम पॅच (देठ असलेलं ठिगळ) करून घेतला, ३५० लागले. उतरवलाच आहे तर बीड बघून घेतलं, प्रायमर शाबूत, पांढरं काही नाही. पंक्चर साइडवॉलला किंवा खांद्याला असेल तर कुठलाच पॅच लावून घेऊ नका.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती. मुंबईहून आत्तेभावाची गाडी आली, याच साइजचे टायर. येताना खड्ड्यात आपटून साइडवॉलला लिंबाएवढा गोळा आलाय, हवा मात्र पूर्ण. त्याला वाटलं हवा आहे म्हणजे चालेल. गोळा म्हणजे आतले धागे तुटलेत, आता फक्त रबर हवा धरून आहे. परतीच्या प्रवासाला पाच माणसं आणि सामान, मी चावीच काढून घेतली. स्टेपनी बघितली तर हवा १४. सणासुदीला टायरची दुकानं बंद असायच्या आत शहरात जाऊन एक टायर घेतला, त्याच पॅटर्नचा, आणि तो मागे लावला.

माझीही स्टेपनी काढून बघितली. ती स्टीलची, १५ इंची, १९५/६५. व्यास बाकीच्यांपेक्षा ३० मिमी कमी, म्हणून जवळच्या दुकानापर्यंतच, आणि त्यावरच्या स्टिकरप्रमाणे ८० च्या आत. कडेला गंज आलाय. घासून, गंजरोधक प्रायमर आणि काळा रंग, सुकायला तीन दिवस.

२२ सप्टेंबर

आजपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के. माझा ८,१९२ चा टायर मूळ भाव तोच धरला तर ७,५५२ ला, चारमागे २,५६० वाचले असते. पण हा पावसाळा त्या चिरा पडलेल्या टायरवर काढायचा नव्हता. आता घेणाऱ्यांनी बिलावर १८ टक्केच लागलेत ना ते बघा.

१२ ऑक्टोबर

पावसानंतरची तपासणी. चारही चाकं काढली, या वेळी हाताने निघाली. आतून धुतली, सुकवली. मागच्या डाव्या चाकात गेल्या महिनाअखेरीस ३३ भरली होती, आज ३२. ट्रेड नवीन असताना ७.८ मिमी होता, आता पुढे ७.३ आणि मागे ७.५, कडा आणि मध्य सारखेच, म्हणजे अलाइनमेंट आणि हवा दोन्ही जागेवर. पुढचे मागे, मागचे पुढे, त्याच बाजूला फिरवायचं ते १० हजार किलोमीटरला, पण वाकडा रिम पुढे येऊ नये म्हणून त्या बाजूचे टायर रिमवरून बदलून घ्यावे लागणार, त्याचे ३०० जास्त धरून ठेवलेत.

मागच्या उजव्या रिमवर एके ठिकाणी, जुन्या क्लिपच्या खुणेजवळ, लॅकरखाली शेंगदाण्याएवढा पांढरा डाग परत दिसतोय. बीडपासून दोन बोटं लांब आहे. ऊन कडक झालंय, येत्या रविवारी तो तेवढाच घासून लॅकर मारणार, या वेळी हॅलोजनची गरज पडणार नाही.

मेच्या कामाचा खर्च, पहिले वाया गेलेले ३५० आणि १ जूनचा गेज धरून, ३९,५१८ रुपये. त्यातले टायर सोडले तर ६,७५०, आणि त्यात पाना आणि गेज कायमचे घरात राहिले. जुने टायर वाडीतल्या मच्छीमारांनी होडीच्या कडेला बांधायला नेले.